प्रशिक्षणाचे इतके प्रसंग लिहूनही माझ्या पात्राला बढती का मिळत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही काहीजण मिळून ऑनलाइन रोलप्ले लिहितो. कथा एका बंदरातल्या किल्ल्याच्या पहाऱ्याची आहे. पदं उमेदवार, रक्षक, नायक, किल्लेदार अशी चढत जातात. माझी इरा आठ महिने उमेदवारच आहे. तलवारबाजीच्या सरावाचे प्रसंग मी एकटीने भरपूर लिहिले, शब्दसंख्येची अट केव्हाच ओलांडली. माझ्यानंतर आलेल्या एकीने सरावाचे दोनच प्रसंग लिहिले, बाकी वेळ ती पहाऱ्याच्या मुख्य कथानकात होती, आणि तिला दोन महिन्यांत रक्षकपद मिळालं. प्रशिक्षण लिहायचं तरी कसं, आणि बढती ठरते कशावर? शिवाय आम्ही तिघी मिळून नवं जग सुरू करतोय. त्यात पदांची पद्धत कशी ठेवावी?

उत्तर:

बढतीचे अर्ज लिहिणं आणि तपासणं ही दोन्ही कामं मी बरीच वर्षं करते आहे, म्हणून आधी मूळ मुद्द्याचं सांगते. रोलप्लेमध्ये, म्हणजे प्रत्येकाने आपापलं पात्र लिहून मिळून पुढे नेलेल्या कथेत, पात्राची ताकद कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या पानावर, कितीही लिहिली तरी ती चालते बाकीच्या लेखकांच्या मान्यतेवर. व्हिडिओ गेममध्ये लेव्हल वाढली की पुढचा हिशोब यंत्र करतं. समोरच्याला पटो न पटो, त्याचे पॉइंट कमी होतात. आपल्याकडे असा हिशोब करणारं कुणी नाही. इराने वार केला एवढंच तुम्ही लिहू शकता. तो लागला की हुकला, हे समोरच्या पात्राचा लेखक लिहितो. तुम्हीच 'वार लागला आणि तो कोसळला' असं लिहून मोकळ्या झालात तर त्याला गॉडमॉडिंग म्हणतात आणि ते कुठल्याही बऱ्या समूहात खपवून घेत नाहीत. म्हणजे इरा तलवारीत तरबेज झाली हे कधी खरं ठरणार? समोरचा लेखक आपणहून 'तिचा वार माझ्या खांद्यात उतरला' असं लिहील तेव्हा. प्रशिक्षणाचा प्रसंग लिहायचा तो त्याला त्या वाक्यासाठी आधीपासून तयार करण्याकरता. त्याने तो वाचलाच नसेल, किंवा वाचूनही त्याच्या हाती काही लागलं नसेल, तर त्याच्या लेखी इरा कालचीच उमेदवार राहते.

तुमच्या सरावाच्या प्रसंगांचा साचा साधारण असा आहे (शेवंताबाई म्हणजे इराच्या शिक्षिका):

'सलग तीन आठवडे इरा पहाटे उठून तलवार फिरवत होती. हाताची सालं निघाली, पण तिने हार मानली नाही. शेवटी एके दिवशी तो अवघड फिरता वार तिला जमला. शेवंताबाईंनी समाधानाने मान डोलावली.'

वाक्यांत काही वावगं नाही. पण नाव बदललं तर हा परिच्छेद कुणाच्याही पात्राला लागू होईल. हार न मानणं तर सगळ्याच उमेदवारांच्या सगळ्याच सरावांत असतं. आता हाच सराव असा वाचून पाहा:

'डाव्या बाजूच्या फिरत्या वारात इराचा मागचा पाय दर वेळी जरा उशिरा टेकत होता. शेवंताबाईंनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी न बोलता तिच्या घोट्यावर काठी मारली. "माझ्या तोंडाकडे काय बघतेस? पाय इकडे आहे का?" इराने पाय आधी टाकून पाहिला, तर वारातला जोर गेला. जोर धरला, तर तोल गेला. उजवीकडून मात्र तोच वार खाडकन बसत होता. दुपारनंतर तिने डावी बाजू सोडूनच दिली. "बाई, मी उजवीकडूनच करत जाईन. तिथून चुकत नाही." शेवंताबाईंनी काठी भिंतीला टेकवली. "ज्याला हे कळेल तो तुझ्या डावीकडेच उभा राहील. आणि रात्रपाळीला तुझ्या डावीकडे कोण असतं? आपला महादू."'

लांबी थोडी वाढली, पण इतरांच्या हाती किती आलं बघा. इराविरुद्ध लढणाऱ्या लेखकाला कळलं की उजवीकडून आलेला वार झेलणं कठीण आहे, तो लागला असं लिहायला आता त्याला जड जाणार नाही. त्याच वेळी डावी बाजू त्याच्यासाठी मोकळी आहे, म्हणजे त्यालाही काहीतरी करून दाखवता येईल. महादूच्या लेखकाला न मागता एक प्रसंग मिळाला: आपल्या शेजारची पहारेकरीण एका बाजूने कच्ची आहे हे त्याला कळलं तर तो काय करेल? शेवंताबाईंचं आणि इराचं पटलेलं नाही, ते पुढे कधीतरी वर येणारच. आणि इराने सोपी वाट धरली यात तिचा स्वभाव दिसला. पदाच्या अर्जात सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारे आणि बढती ठरवणारे, शोधत असतात ते हेच, सरावातून बाकीच्यांच्या कथेत काय शिरलं.

म्हणून प्रत्येक प्रशिक्षणाच्या शेवटी कॅरेक्टर शीटमध्ये एक ओळ लिहायची सवय लावा, आणि त्या ओळीत जमणारं आणि न जमणारं दोन्ही असू द्या. 'फिरता वार: उजवीकडून, सपाट जमिनीवर, भरवशाचा, डावीकडून किंवा धावताना नाही.' फक्त 'फिरता वार: येतो' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला त्याची हद्द कळत नाही आणि तो सावधगिरी म्हणून तुमचा वार चुकवतच राहतो. हद्द स्पष्ट असलेली ताकद लोक सहज मान्य करतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की नव्या लेखकांना पहिल्यांदा हेच सांगते.

एकट्याने लिहिलेल्या सरावाला, म्हणजे सोलोला, माझा विरोध नाही. ग्रंथ वाचणं, औषधी ओळखायला शिकणं, जखमेनंतर हात पुन्हा चालता करणं अशा गोष्टी एकट्याच बऱ्या. पण सोलोमध्ये अडचण अशी की अडथळाही तुमचा, तोडगाही तुमचा आणि शाबासकीही तुमचीच. शिक्षक एनपीसी, म्हणजे कुणा दुसऱ्या लेखकाचं नसलेलं जोडपात्र, असेल तर त्याच्या तोंडून स्वतःच्या पात्राची तारीफ करवून घेऊ नका. वाचणाऱ्याला ती लगेच खटकते. सोलोत खरी अनिश्चितता आणायची असेल तर निकाल फाशांवर सोपवा. रुनक्वेस्ट या टेबलाभोवती बसून खेळायच्या १९७८ सालच्या रोलप्लेच्या खेळात याची फार समंजस पद्धत आहे. तिथे जे कौशल्य तुम्ही प्रत्यक्ष वापरून यशस्वी झालात तेच अनुभवाने वाढू शकतं, आणि वाढण्यासाठी शतमान (एक ते शंभर आकडा देणाऱ्या) फाशांवर तुमच्या सध्याच्या कौशल्यापेक्षा जास्त आकडा पडावा लागतो. पंचवीस टक्के येत असेल तर वाढ सहज होते, नव्वद टक्के येत असेल तर क्वचित. नवशिका भराभर शिकतो आणि मुरलेल्याला एकेका बारकाव्यासाठी झगडावं लागतं, हे त्या एका नियमात आलं. आपल्या लेखनालाही ते मोजमाप लावता येतं. तलवार धरायला शिकण्यासाठी एक प्रसंग पुरे. पण किल्ल्यात कुणालाच न येणारा डाव शिकायचा असेल तर त्यासाठी दोन-तीन महिन्यांचं कथानक, दुसऱ्याचा सहभाग आणि निदान एक पुरतं फसलेलं वळण हवं.

फसण्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण बहुतेकांची प्रशिक्षणं तिथेच लटकी पडतात. अपयश म्हणून लोक जे लिहितात ते बहुतेक वेळा दुखणं असतं: हात सोलले, घाम आला, रात्री झोप लागली नाही. त्याची किंमत कुणालाच मोजावी लागत नाही. किंमत दुसऱ्याच्या वाट्याला आली की अपयश खरं वाटतं. इरा आपल्याच सरावात गुंगल्यामुळे बुरुजावरचा इशारा तिच्या नजरेतून सुटला आणि महादू जखमी झाला, तर ते आठ महिन्यांच्या घामापेक्षा जास्त लक्षात राहतं. अट एकच, महादूच्या लेखकाला आधी कथेबाहेर विचारायचं: जखम चालेल का, किती खोल, किती दिवसांची. न विचारता दुसऱ्याचं पात्र जखमी करणं हेही गॉडमॉडिंगच, हेतू कितीही चांगला असो.

शिक्षकाचं पात्र दुसऱ्या लेखकाचं असेल तर सगळ्यात उत्तम, कारण तो तुम्हाला अनपेक्षित ठिकाणी अडवतो. पण शिक्षक मध्येच गायब होतो हा रोलप्लेतला कायमचा रोग आहे. परीक्षा, नोकरी, आजारपण, काहीही कारण असतं आणि उमेदवार महिनोन्‌महिने अंगणात तलवार धरून उभा राहतो. सुरुवातीलाच ठरवून टाका: दोन आठवडे उत्तर आलं नाही तर शेवंताबाई मोहिमेवर गेल्या असं समजून इराचं प्रशिक्षण दुसऱ्याकडे जाईल. यात कुणाचा अपमान नाही, कथेलाही ते शोभतं. आणि समयरेषा तपासत जा. कथेतल्या ज्या आठवड्यात इरा डोंगरावर एकांतात सराव करतेय, त्याच आठवड्यात ती बंदरावरच्या जत्रेत कुणाशी भांडत असेल तर सूत्रधार एक प्रसंग रद्द करणार, आणि तो बहुधा सरावाचाच असेल.

आता शब्दसंख्या. अमुक तंत्रासाठी इतके शब्द, त्याच्या वरच्या तंत्रासाठी दुप्पट, अशी अट पुष्कळ समूहांत असते. ती का ठेवतात ते मला समजतं; मोजायला सोपी आणि सगळ्यांना सारखी. पण बक्षीस ज्याला ठेवाल त्याचाच पूर येतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवतीचाच खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला, त्यात अनुभवाचे गुण राक्षस मारण्यापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात खजिना मिळवून जमत. परिणाम असा की शहाणे खेळाडू लढाई टाळून खजिना कसा पळवता येईल ते बघू लागले. तो खेळ तसा खेळायचा असेल तर नियम उत्तमच होता. आपल्याकडे गुण शब्दांना ठेवले की हवामानाची वर्णनं वाढतात, पहाट तीन परिच्छेद चालते, आणि पात्र होतं तिथेच राहतं. तुमच्या प्रसंगांत पहाटेचं वर्णन दर वेळी आहे. ते तुम्हाला आवडतं म्हणून आहे की आकडा भरायला, हे तुम्हालाच माहीत. पण अर्ज वाचणारा ते ओलांडून पुढे जातो एवढं नक्की.

याच खेळाच्या पुढच्या, १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या नियमांत प्रशिक्षणाची एक वेगळी कल्पना आली. लेव्हल वाढायला पुरेसे गुण जमले तरी पात्राला काही आठवडे प्रशिक्षणात घालवावे लागत आणि दर आठवड्याला लेव्हलच्या पटीत दीड हजार सुवर्णनाणी मोजावी लागत. किती आठवडे, ते मात्र सूत्रधार ठरवी: खेळाडू आपल्या पात्राच्या भूमिकेला कितपत धरून खेळला याचा तो शेरा देई, आणि उत्कृष्ट शेऱ्याला एक आठवडा तर निकृष्टाला चार. नाण्यांचा भाग पुष्कळांना जाच वाटला, तो सोडून द्या. पण प्रशिक्षण किती लांबावं हे आधीच्या खेळाच्या दर्जावर अवलंबून ठेवणं ही गोष्ट आपल्या कामाची आहे. कथेत जी लेखिका पात्राशी प्रामाणिक राहिली, तिच्याकडून सरावाचे ढीग मागू नयेत.

आणि यातूनच तुमच्या दुसऱ्या दुखण्याकडे येते, त्या दोन महिन्यांत रक्षक झालेल्या सहकारी लेखिकेकडे. तुमचा राग मला समजतो. आठ महिने मेहनत करून मागे राहणं जिव्हारी लागतं, आणि सूत्रधारांनी तुम्हाला कारण सांगितलं नसेल तर ते त्यांचं चुकलं. पण तिने पहाऱ्याच्या कथानकात काय केलं असेल याचा विचार करा. निरोप पोचवले, फाटकावर कुणाला आत सोडायचं ते ठरवलं, चुकली तेव्हा नायकाची बोलणी खाल्ली. म्हणजे पद मिळण्याआधीच ती रक्षकाचं काम करत होती आणि ते चार-पाच लेखकांनी आपापल्या पात्रांच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला पद दिलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नसणार. इराला आज रक्षक केलं तर तिच्या पाळीतल्या लोकांना तिच्याबद्दल काय आठवेल?

इथे कौशल्य आणि पद यांची गल्लत होते, आणि ती जुनी आहे. १९७४ च्या त्या खेळात योद्ध्याच्या लेव्हलनाच पदव्या जोडलेल्या होत्या: पहिल्या लेव्हलला 'व्हेटरन', चौथीला 'हीरो', आठवीला 'सुपरहीरो', नववीला 'लॉर्ड'. लढाईतला हात जसा सुधारेल तशी पदवी चढत जाई. पुढे संगणकावर आलेल्या मड या मजकुरातून अनेकांनी मिळून खेळायच्या खेळातही तेच झालं. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात तो सुरू केला. त्यात पुरेसे गुण जमवणारा खेळाडू 'विझर्ड' होई आणि त्याला बाकीच्या खेळाडूंवर चालणारे अधिकार मिळत. आपल्या समूहांनी हा वारसा जसाच्या तसा उचलला: जो जास्त सराव लिहील तो वर, आणि वर गेला की त्याच्या पात्राने इतरांच्या पात्रांना हुकूम द्यायचे. पण तलवार चालवण्याचा आणि दहा लेखकांना प्रत्येकी काहीतरी करायला मिळेल असा हुकूम देण्याचा संबंध फारसा नाही. जेम्स अ‍ॅस्पनेस यांनी १९८९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात टायनीमड हा त्याच जातीचा खेळ सुरू केला तेव्हा लढाया आणि गुणांची शिडी बाजूलाच ठेवली. लोक तिथे बोलायला आणि जागा रचायला येत. बार्टल यांनी पुढे १९९६ मध्ये खेळाडूंचे चार स्वभाव मांडले: कमावणारे, धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्यांवर कुरघोडी करणारे. एकाच शिडीवर या चौघांना चढवायला गेलं की कमावणारे वर जातात आणि बाकीचे कंटाळतात, असा माझा अनुभव आहे.

म्हणून दोन शिड्या मानून चला, तुमच्या समूहाने मानल्या नसल्या तरी. कौशल्याची शिडी सरावाने आणि वापराने चढायची. पदाची शिडी इतरांसोबतच्या कथेने. इरा किल्ल्यातली सर्वांत तरबेज तलवारबाज असून उमेदवार असू शकते, आणि ते पात्र म्हणून किती छान आहे बघा: नायकाला तिचा हात हवाय, पण तिच्यावर दरवाजा सोपवायला तो तयार नाही.

स्पष्टच सांगते, पद देताना सूत्रधार पात्राइतकंच लेखकाकडेही बघतात. नायकाच्या लेखकाने उत्तर द्यायला महिना लावला तर त्याच्या हाताखालचे सहा जण महिनाभर अडकतात. म्हणून नियमितपणा बघतात. प्रसंगात दुसऱ्याला जागा देता की सगळा प्रकाश स्वतःवर ओढता, ते बघतात. कथेबाहेर कळलेली गोष्ट पात्राला माहीत असल्यासारखी वापरता का, म्हणजे मेटागेमिंग करता का, हेही. काही समूह हे उघड सांगत नाहीत, त्यामुळे लोकांना वाटतं वशिला चालतो. वशिला कुठेकुठे चालतोही, आणि तो चालत असेल तर तिथून निघून जाणं हाच उपाय. पण आधी हे बाकीचं तपासून घ्या.

अर्ज लिहाल तेव्हा सगळे प्रसंग जोडू नका. वाचणाऱ्याला वेळ नसतो आणि ढीग बघून त्याचं मन आधीच आंबतं. तीन-चार निवडा आणि प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहा, आधी काय होतं आणि नंतर काय बदललं. त्यातला एक फसलेला असू द्या. दुसऱ्या पात्राने इराबद्दल कथेत काही म्हटलं असेल, अगदी तक्रार असली तरी, ते उद्धृत करा. तुमच्या दहा ओळींपेक्षा ती एक ओळ भारी पडते. आणि शेवटी पद मिळाल्यावर पहिल्या महिन्यात इतरांसाठी काय कराल ते सांगा. 'रक्षक झाल्यावर इरा रात्रपाळीत नव्या उमेदवारांना फाटकाची कामं शिकवेल, त्यासाठी दर पंधरवड्याला एक प्रसंग मी सुरू करीन' असं वाक्य असलेला अर्ज मी तरी क्वचितच परत पाठवते. हे वाक्य लिहिलंत तर ते पाळावं मात्र लागेल.

नकार आला तर एकच प्रश्न विचारा: कोणत्या प्रकारचा प्रसंग दिसला तर तुम्ही हो म्हणाल? उत्तर ठोस मिळालं तर काम झालं. आणि नकार कथेत वापरा. इराने पद मागितलं आणि नायकाने सगळ्यांसमोर नाही म्हटलं, या प्रसंगाला जी धार असते ती बढतीच्या समारंभाला कधीच येत नाही. मी वाचलेल्या सर्वांत चांगल्या वाटचालींची सुरुवात अशा नकारांतून झालेली आहे.

आता तुमचं नवं जग. पदं चार-पाचच ठेवा आणि प्रत्येकासमोर त्या पदाचा कथेतला अधिकार आणि लेखकावर येणारं काम, दोन्ही लिहा. ज्या पदासमोर काम लिहिता येत नाही ते पद काढून टाका. सगळ्यांत वरच्या जागा मोजक्या ठेवा, नाहीतर वर्षभरात सगळे किल्लेदार आणि पहाऱ्याला कुणीच नाही अशी गत होते. १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये ड्रुइड (निसर्गपूजक पुरोहित) या पात्रांच्या वर्गासाठी अशी मर्यादा होती: बाराव्या लेव्हलला नऊच जण, तेराव्याला तीन, चौदाव्याला एक, आणि वर जायचं तर त्या जागेवरच्याला द्वंद्वात हरवायचं. मर्यादेची कल्पना घ्या, द्वंद्व घेऊ नका. टेबलाभोवतीच्या खेळात जागेवर बसलेला बहुधा सूत्रधाराचंच पात्र असे. आपल्याकडे तो एक जिवंत लेखक असतो आणि एका लढाईत त्याची वर्षभराची कमाई गेली तर तो निघूनच जातो. त्यापेक्षा वरची पदं मुदतीची ठेवा, एका मोठ्या कथानकापुरती. मुदत संपली की जुना किल्लेदार सल्लागार होतो, त्याचा मान राहतो आणि जागा मोकळी होते. कुणी महिनाभर न सांगता गैरहजर राहिलं तर त्या जागी हंगामी नेमणूक, तो परतला की चर्चा. हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवलंत तर नंतर ते कुणाविरुद्ध केल्यासारखं वाटत नाही.

परीक्षा घेऊन बढती द्यायची असेल तर स्पर्धेसारखी फेऱ्यांची परीक्षा टाळा. एका जोडीतला एक गायब झाला की पूर्ण परीक्षा थांबते, मी कितीतरी परीक्षा अशा अर्ध्यात सुकलेल्या पाहिल्या आहेत. चार-पाच उमेदवारांना मिळून एक काम द्या: धुक्यात वाट चुकलेलं जहाज बंदरात आणायचंय आणि दिव्यासाठी तेल एकाच बुरुजाला पुरेल इतकं आहे. उत्तराला तीन दिवसांची मुदत ठेवा, ती उलटली तर सूत्रधार त्या पात्राला साधारण हालचाल करायला लावून पुढे जाईल. कोण जिंकलं यापेक्षा कुणाच्या निर्णयाने इतरांना लिहायला काही मिळालं ते बघा. जहाज बुडालं तरी कुणाला बढती मिळू शकते, हे आधीच जाहीर करा. मग लोक जिंकण्यासाठी न लिहिता धोका पत्करतात.

बढतीचे निर्णय दोघींनी मिळून घ्या आणि स्वतःच्या पात्राचा अर्ज स्वतः मंजूर करायचा नाही हा नियम तुम्हा तिघींनाही लागू करा. कारण सगळ्यांना दिसेल असं लिहा, हो म्हणतानाही. शब्दसंख्या हवीच असेल तर किमान मर्यादेपुरती ठेवा. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर लिहिणार असाल तर साध्या खात्याला एका संदेशात दोन हजार अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे सराव आपोआपच छोट्या देवाणघेवाणीत होतो. ते चांगलंच आहे. फक्त प्रसंग संपल्यावर तो एका दस्तावेजात गोळा करून ठेवा, नाहीतर अर्जाच्या वेळी शोधत बसाल. अनुभवी लेखकाने दुसरं पात्र आणलं तर त्याला पुन्हा तळापासून चढायला लावू नका. रक्षकपदापासून सुरू करू द्या, पण त्याच्या वर नाही.

राहिली तुमची इरा. नवं जग उभं राहीपर्यंत तिला तिथेच सोडू नका. त्या नव्या रक्षकाच्या लेखिकेला निरोप पाठवा आणि विचारा की तिचं पात्र इराला एखादा हुकूम देईल का, असा की जो इराला मनातून पटणार नाही. इरा आधी किल्ल्यात आलेली, हात जास्त चांगला, आणि हुकूम देणारी तिच्यानंतरची. प्रसंग पहाऱ्यावरचा ठेवा, महादू डावीकडे असू द्या. इरा हुकूम पाळते की मोडते ते लिहिता लिहिता ठरू द्या, पण दोन्ही वाटांनी कुणाचं किती नुकसान चालेल ते तिघांनी आधी बोलून घ्या. सरावाचा नवा सोलो तोवर लिहू नका.